एप्रिल लागला की पोल्ट्रीच्या तापमानाचा आकडा ३५ वर का अडतो? गेन आणि रेंजचा हिशोब

"भाऊ, आकडा पस्तिसावर जाऊन बसते अन् तिथून हालतच नाही. बाहेर तर अंग भाजून राह्यलं."

मार्च संपत आला की अमरावती, यवतमाळ, वर्धेकडच्या खेड्यांतून ही तक्रार सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. दरवर्षी तीच. बोर्डही बहुतेक एकाच घडणीचे: तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, त्याच्यामागे सिग्नल मोठा करणारा एलएम३५८ चा अँप्लिफायर, मग आकडा वाचून प्रोग्रॅम चालवणारा अर्डुइनो उनो आणि पाण्याचा बारीक फवारा मारणाऱ्या फॉगरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच. तालुक्याच्या ठिकाणी एखादा आयटीआय झालेला पोरगा हे हजार-बाराशेत बनवून देतो आणि चांगलं बनवतो. दिवाळीनंतर बसवलेला बोर्ड हिवाळाभर बिनचूक चालतो, म्हणून त्याच्यावर कुणाला शंका येत नाही.

फॉगर ३६ अंशांना सुरू व्हायचा असतो. आकडा ३५ च्या पुढं गेलाच नाही तर फॉगर सुरू होणार कसा? ब्रॉयलर पक्ष्याला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि त्यातही वजनाला आलेले, विकायला तयार झालेले पक्षी आधी जातात. शेतकऱ्याचं सगळं खाद्य खाऊन झालेलं असतं तेव्हा. म्हणून हा दोष नीट समजून घेऊन कायमचा काढला पाहिजे. दरवर्षी सेन्सर बदलून तो जात नाही, कारण बहुतेक वेळा सेन्सर चांगलाच असतो.

मीटर लावून पाहा

बोर्ड काढून घरी आणू नका. शेडमध्येच, दुपारी दोन-अडीच वाजता, आकडा अडलेला असताना मल्टिमीटर लावा. काळी पिन एलएम३५८ च्या ४ नंबर पायावर म्हणजे ग्राउंडवर ठेवा आणि लाल पिननं तीन ठिकाणी मोजा: ३ नंबर पाय (सेन्सरकडून येणारं व्होल्टेज), १ नंबर पाय (अँप्लिफायरचं आउटपुट) आणि ८ नंबर पाय (सप्लाय).

अशा बोर्डावर नेहमी दिसणारे आकडे असे. पाय ३ वर ४१२ मिलिव्होल्ट. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे सेन्सर ४१.२ अंश सांगतोय आणि बरोबर सांगतोय. गेन म्हणजे अँप्लिफायर सिग्नल किती पट करतो तो आकडा. गेनचे रेझिस्टर ९१ के (किलो-ओहम) आणि १० के आहेत, म्हणजे गेन १ + ९१/१० = १०.१. पाय १ वर ४.१६ व्होल्ट यायला हवेत. मीटर दाखवतो ३.५२. सप्लाय ४.९८, अगदी व्यवस्थित.

हरवलेले ०.६४ व्होल्ट कुठं गेले? कुठंच नाही, ते तयारच झाले नाहीत. एलएम३५८ चं आउटपुट खाली ग्राउंडच्या जवळपास जातं, पण वर सप्लायपर्यंत पोचत नाही. सुमारे दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं. ५ व्होल्टवर चालवला की त्याचं छत साडेतीन व्होल्ट. १०.१ च्या गेननं साडेतीन व्होल्ट म्हणजे ३४.७ अंश. त्याच्यावर तापमान ३८ असो की ४५, स्क्रीनवर तोच आकडा. हिवाळ्यात शेड एवढी तापतच नाही, म्हणून छताला डोकं लागत नाही आणि बोर्ड पास होतो.

आता एक खात्री. गरम सोल्डरिंग आयर्न एलएम३५ पासून बोटभर अंतरावर न्या. पाय ३ वरचे मिलिव्होल्ट चढताना दिसले आणि पाय १ जागचा हलला नाही, तर निदान झालं. सेन्सर जिवंत आहे, अँप्लिफायर छताला टेकलाय. बरेचजण इथं प्रोग्रॅममध्ये आकड्याला काहीतरी गुणून ३५ चे ४० करतात. तसं करू नका. छताला लागून कापली गेलेली माहिती गुणाकारानं परत येत नाही. उलट ३० अंशांचेही ३४ दिसायला लागतात.

छत खाली आलं तर

पुष्कळदा आकडा ३५ वरही पोचत नाही, ३३-३४ लाच अडतो आणि रोज वेगळ्या ठिकाणी अडतो. असं दिसलं की पहिली नजर सप्लायवर टाका. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) बसवलेला असेल, तर त्याला आत निदान ७ व्होल्ट लागतात. संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू झाल्या आणि गावातलं व्होल्टेज दीडशेवर आलं की ते मिळत नाहीत. ५ चे ४.६ होतात. मोबाइलच्या चार्जरवरून लांब, बारीक वायरनं सप्लाय नेला असेल तरी तेच.

सप्लाय ४.६ झाला की छत ३.१ च्या आसपास येतं, म्हणजे खऱ्या ३१ अंशांनाच अँप्लिफायर टेकतो. पण स्क्रीनवर ३१ दिसत नाही, ३३.४ दिसतं! कारण अर्डुइनो मोजायला स्वतःचा सप्लायच फूटपट्टी म्हणून वापरतो आणि फूटपट्टीच आखडलीय. त्याच वेळी खरं तापमान २८ असेल तर स्क्रीन ३०.४ दाखवतो. म्हणजे कमी तापमानाला आकडा जास्त आणि जास्त तापमानाला अडलेला. माणूस चक्रावतो आणि सेन्सरला दोष देतो. सप्लायचं मोजमाप संध्याकाळी सात-आठला, रिले ओढलेला असताना घ्या. दुपारी बोर्डावर ५ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका.

तिसरं कारण उंदराचं. एलएम३५ ची मधली वायर तुटली तर आकडा शून्यावर येईल असं वाटतं, पण तो वर जाऊन अडतो. एलएम३५८ च्या आत पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, इनपुटच्या पायातून अगदी सूक्ष्म करंट बाहेर येतो. वायर मोकळी असली की तो पाय हळूहळू वर चढतो आणि आउटपुट छताला जातं. लक्षण तेच, कारण वेगळं. पाय ३ पासून ग्राउंडला १०० के चा एक रेझिस्टर जोडून ठेवा, मग वायर तुटली की आकडा शून्याजवळ येईल. आपल्याकडं शेडमध्ये शून्य अंश कधीच होत नाही, त्यामुळं शून्य म्हणजे वायर तुटली हे लगेच कळतं.

गेन किती ठेवायचा

गेन दहाचा का ठेवला, असं विचारलं तर बनवणारा सांगतो की ब्रूडिंगला, म्हणजे पिल्लांना ऊब देताना, बारीक फरक कळला पाहिजे. मुद्दा खरा आहे. पिल्लांना पहिले काही दिवस ३२-३३ अंश लागतात आणि तिथं घसरण लगेच दिसायला हवी. पण हिशोब करून पाहा. अर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. १०.१ च्या गेननं एक पायरी ०.०५ अंशाची होते. गेन निम्मा केला तर ०.१ अंशाची. आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या डीझेड प्रकारच्या एलएम३५ ची स्वतःची चूक दीड अंशापर्यंत असू शकते. ०.०५ च्या बारकाईसाठी आपण वरचे दहा-पंधरा अंश गमावतोय, आणि ती बारकाई सेन्सरकडं मुळातच नाही.

माझं ठाम मत असं की गेन टेबलावर ठरवायचा नसतो, त्या गावच्या मे महिन्यावरून ठरवायचा. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत. पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याच्या जवळ त्याहून जास्त. म्हणून वरची हद्द ६० अंश धरा. खाली हिवाळ्याच्या रात्रीचे ८-१० अंश.

आता उलटं या. ६० अंश म्हणजे सेन्सरचे ६०० मिलिव्होल्ट. छत साडेतीन, पण टेकू द्यायचं नाही. सप्लाय थोडा बसला तरी चाललं पाहिजे, म्हणून वापरायचे ३ व्होल्ट. ३ भागिले ०.६, गेन ५. दुकानात मिळणारा रेझिस्टर ३९ के आणि खाली १० के, गेन ४.९. साठ अंशांना २.९४ व्होल्ट. ४७ के लावाल तर गेन ५.७ होतो आणि साठ अंशांना ३.४२ व्होल्ट येतात, म्हणजे पुन्हा छताला केस लागायला लागले. तो लावू नका. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या आणि ९१ के च्या जागी ३९ के डाग द्या. प्रोग्रॅममध्ये १०.१ च्या जागी ४.९ लिहा. बोर्ड सुधारायला एवढं पुरे होतं.

ज्यांच्या बोर्डावर गेनसाठी प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) आहे, त्यांनी तो एकदा जुळवून त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकावा. शेडमधली दमट हवा, अमोनिया आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची बोटं यात प्रीसेट जागेवर राहत नाही.

आयसी बदलायचा का?

एमसीपी६००२ नावाचा ऑप-अँप, म्हणजे एलएम३५८ सारखाच अँप्लिफायरचा आयसी, मिळतो. पाय एलएम३५८ सारखेच, आउटपुट जवळजवळ सप्लायपर्यंत जातं. त्याच सॉकेटमध्ये बसवला की छत साडेतीनवरून पाचच्या अगदी जवळ जातं. पण तो ६ व्होल्टपर्यंतच चालतो. काही बोर्डांत एलएम३५८ ला १२ व्होल्ट दिलेले असतात, तिथं हा घातला की गेला. बदलण्याआधी पाय ८ मोजा.

उलट काहीजण छत उंच करायला ५ च्या जागी १२ व्होल्ट देतात. छत साडेदहावर जातं हे खरं, पण वायर तुटली किंवा सेन्सर बिघडला की तेच साडेदहा व्होल्ट अर्डुइनोच्या पायावर येतात आणि चिप जाते. करायचंच असेल तर मध्ये ४.७ के आणि त्या पायापासून ५ व्होल्टकडं एक शॉटकी डायोड घाला.

एलएम३५ आणि उनो या जोडीसाठी मात्र मी सगळ्यांना एकच सांगतो: अँप्लिफायरच काढून टाका. उनोच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स आहे. प्रोग्रॅममध्ये तो निवडला की १.१ व्होल्टचे १०२४ भाग होतात, एक पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.१ अंशाची. रेंज मिळते ११० अंशांपर्यंत. गेन ४.९ लावून जी बारकाई मिळाली तीच, एकही जादा आयसी न लावता. शिवाय हा रेफरन्स सप्लायवर अवलंबून नाही, त्यामुळं संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी फूटपट्टी आखडत नाही. एलएम३५ ला चालायला ४ व्होल्ट लागतात, तेवढे राहिले की झालं.

दोन गोष्टी सांभाळा. हा १.१ व्होल्ट चिपगणिक १.० ते १.२ असू शकतो, म्हणून उनोच्या एआरईएफ (रेफरन्सच्या) पायावर मीटर लावून आलेला आकडा प्रोग्रॅममध्ये लिहा. आणि त्या पायाला बाहेरून कुठलंही व्होल्टेज जोडलेलं नसू द्या. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग सोडून द्यायची.

आता आकडा नाचतो

गेन उतरवला की काहीजणांची दुसरी तक्रार येते: आकडा अडत नाही, पण नाचतो. तो आधीही नाचत होता, छताला चिकटलेला असताना दिसत नव्हता इतकंच. गेन वाढवून हे थांबत नाही, सिग्नलबरोबर गोंधळही तितकाच मोठा होतो. ३९ के च्या रेझिस्टरला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, चार हर्ट्‌झच्या वरचं सगळं दबतं. शेडच्या तापमानाला ते भरपूर झालं. प्रोग्रॅममध्ये १६ रीडिंगची सरासरी घ्या. फॉगर ३६ ला सुरू आणि ३४.५ ला बंद, असं अंतर ठेवा, नाहीतर रिले टकटक करत राहतो.

केबल लांब असेल तर एलएम३५ स्वतःच अस्थिर होतो. त्याला ५० पिकोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स सोसत नाही, आणि दहा-पंधरा मीटर केबलचा त्याहून कितीतरी जास्त असतो. सेन्सरच्या पायाजवळच, केबल सुरू व्हायच्या आधी, आउटपुटला २ के चा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. सेन्सर पक्ष्याच्या उंचीवर हवा, फॉगरच्या थेट फवाऱ्यात नको. त्याचे पाय ओले झाले की गळती होऊन आकडा भलतीकडं जातो.

मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि ते रीडिंग सेन्सरच्या बिघाडाचं असल्याचं हवामान विभागानं नंतर सांगितलं. सांगायचं एवढ्यासाठी की आकडा आला म्हणजे तो खरा, असं यंत्रानं धरून चालू नये. प्रोग्रॅममध्ये दोन हद्दी घाला. ४.९ च्या गेननं साठ अंशांना काउंट, म्हणजे १०२४ पैकी पायऱ्या, ६०२ येतो. ६५० च्या वर गेला तर तो बिघाड. २० च्या खाली गेला तरी बिघाड. दोन्ही वेळा फॉगर चालू करायचा आणि बझर वाजवायचा. हिवाळ्याच्या रात्री विनाकारण पाणी उडेल, माणूस उठून बंद करेल. एप्रिलच्या दुपारी मात्र बंद राहिलेला फॉगर अख्खी बॅच नेतो. अँप्लिफायर काढला असेल तर साठ अंशांचा काउंट ५५८ च्या आसपास येतो, वरची हद्द ६०० धरा. खालची २० ची हद्द तशीच चालते, १०० के मात्र आता अर्डुइनोच्या पायावर लावा.

खाद्याच्या टाकीचा लोडसेल

हाच रोग टाकीच्या वजनाला होतो, फक्त तिथं रेंज खाणारं दुसरंच असतं. ५०० किलोचा एस-टाइप लोडसेल (वजनाचा सेन्सर), २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. ५ व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट, किलोला ०.०२. रिकामी टाकी आणि सांगाडा २०० किलोचा असेल तर ४ मिलिव्होल्ट लोखंडातच गेले. खाद्य २५० किलो, त्याचे ५ मिलिव्होल्ट. छत साडेतीन असल्यामुळं एकूण ९ मिलिव्होल्टसाठी गेन ३५० च्या वर नेता येत नाही. मिळालेल्या ३.१५ व्होल्टपैकी १.४ व्होल्ट नुसत्या लोखंडाचे, जे कधी बदलतच नाहीत.

इथं गेन वाढवायच्या आधी ते ४ मिलिव्होल्ट वजा करा, अँप्लिफायरच्या नंतर नाही, आधी, ब्रिजवरच, म्हणजे लोडसेलच्या आतल्या चार रेझिस्टरच्या जोडणीवर. ३५० ओहमच्या ब्रिजच्या एका भुजेला समांतर मोठा रेझिस्टर (शंट) लावला की ब्रिज तेवढा कलतो. ०.८ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टसाठी ३५० भागिले (४ × ०.०००८), म्हणजे १०९ के. ११० के, एक टक्का, मेटल फिल्म. तो सिग्नल-प्लस आणि सप्लाय-मायनस यांच्यामध्ये लावायचा. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रिकाम्या टाकीवर मीटर लावून आकडा शून्याकडं येतोय ना ते पाहा. वाढला तर सिग्नलच्या दुसऱ्या वायरीवर हलवा. आता ५ मिलिव्होल्टसाठी ६०० चा गेन बिनधास्त ठेवता येतो, ३ व्होल्ट सगळे खाद्याचे.

हे काम एलएम३५८ वर करू नका. त्याचा स्वतःचा ऑफसेट (इनपुटवरची अंगची चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, आपला सिग्नलच ५ चा. आणि तो ऑफसेट अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्टनं सरकतो. पहाटेपासून दुपारपर्यंत शेड २० अंशांनी तापली की ०.१४ मिलिव्होल्ट, म्हणजे कुणी न खाता ७ किलो खाद्य कमी-जास्त दिसतं. गड्यावर संशय घेण्याआधी हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर वापरा, नाहीतर लोडसेल वाचणारं एचएक्स७११ चं मॉड्यूल सरळ घ्या. १२८ च्या गेनवर त्याला ५ व्होल्टला २० मिलिव्होल्टपर्यंत चालतं, आपले ९ त्यात सहज बसतात. पायऱ्या इतक्या बारीक आहेत की लोखंडाचं वजन प्रोग्रॅममध्ये वजा केलं तरी काही हरवत नाही, शंट लावायचीही गरज उरत नाही.

ज्या काट्यावर कापूस किंवा सोयाबीन विकलं-घेतलं जातं, त्याला वैधमापनाचं सील असतं. तो काटा यासाठी उघडायचा नाही. टाकीवर मात्र शंट बदलला, गेन बदलला किंवा मॉड्यूल बदललं की दरवेळी नव्यानं कॅलिब्रेशन करा: एकदा रिकाम्या टाकीवर आणि एकदा खात्रीच्या काट्यावर तोललेली ५० किलोची चार पोती टाकून.